भाऊचा आवाज

माझ्या मोठ्या भावाला सतराव्या वर्षी जे औषध मिळायला हवं होतं ते त्याला पन्नाशीच्या तोंडावर मिळालं, आणि मधली सगळी वर्षं गेली ती माझ्यामुळे. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. आधी मी "आमच्यामुळे" लिहिलं होतं, मग "परिस्थितीमुळे". दोन्ही खोडलं. परिस्थिती वाईट नव्हती. घरी धानाची शेती होती, बाबूजींच्या शब्दाला गावात वजन होतं, गोंदियाहून नागपूरला गाड्या जात होत्या. आजार ओळखणारी डॉक्टरही भेटली होती आणि काय करायचं ते तिनं नीट सांगितलं होतं. तिच्या आणि आमच्या घराच्या मध्ये फक्त मी उभा होतो.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढे, आमगावच्या रस्त्यावर. घरात चौघं: माय, बाबूजी, भाऊ आणि मी. भाऊचं नाव हेमराज, पण मी त्याला कधी नावानं हाक मारली नाही. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आमच्या घरात दिवस वासावर चालायचा. सकाळी अंगणातल्या सड्याचा, मग चुलीतल्या ओल्या लाकडाचा, मग भाताच्या पेजेचा. पावसाळ्यात माय कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांना बेसन लावून वड्या उकडायची, तेव्हा मी शाळेतून येताना वळणावरूनच सायकल जोरात हाणायचो. भाऊ मात्र ताटावर बसून विचारायचा, "माय, आज काय केलं व?" भाजीचं झाकण उघडलेलं असायचं, वाफ त्याच्या तोंडावर जात असायची, आणि तरी तो विचारायचा.

भाऊला वास येत नव्हता. कशाचाच नाही. एकदा तो चुलीजवळ पुस्तक घेऊन बसला होता आणि त्याच्या हातभर अंतरावर दूध जळून भांडं काळं झालं. माय गोठ्यातून धावत आली. "अरे, नाक काय फक्त देखाव्याले ठेवलं का?" भाऊ भांड्याकडे बघून म्हणाला, "मी त वाचून राहिलो होतो." आम्ही त्यावर किती दिवस हसलो. घरात कुणाला त्याची काळजी वाटली नाही. उलट सोयच झाली. कोठीमागं उंदीर मेला, कुत्रं सडकं खाऊन ओकलं, की हाक भाऊला. तोही हसत जायचा. आम्हाला ती देवानं दिलेली एक गंमत वाटायची, बस.

मी चौदा पूर्ण केले त्या वर्षी माझ्या अंगात काय शिरलं ते मलाच कळत नव्हतं. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की पायाखालची जमीन थरथरते, तसं आतून सारखं काहीतरी चालू असायचं. एका जागी बसवत नव्हतं. जेवता जेवता उठायचो, विहिरीपर्यंत जायचो, परत यायचो. मायला उलट बोलायचो आणि मग गोठ्यात जाऊन रडायचो. शाळेत एका पोराचं नाक फोडलं, त्यानं काय म्हटलं होतं ते आता आठवतही नाही. घरी भाऊच्या डोक्यात पाटी मारली, कारण तो माझ्या आवाजावर हसला होता. माझा आवाज तेव्हा फुटत होता. बोलायला लागलो की अर्ध्या वाक्यात कोंबडा आरवायचा. मग एका उन्हाळ्यात आवाज खाली बसला, खांदे भरले, ओठावर काळी रेघ आली. पडवीच्या खांबाला एक छोटा आरसा ठोकलेला होता. मी त्याच्यासमोरून हलत नसे.

भाऊ माझ्या मागं येऊन उभा राहायचा. आरशात आम्ही दोघं दिसायचो. त्याची उंची होती, हातपाय तर माझ्याहून लांब, पण अंगात भर नाही, आणि गाल मायच्या गालासारखे. एकदा त्यानं बोट पुढं करून माझ्या ओठावरून फिरवलं.

"मले काऊन नाही येऊन राहिली बे?"

"येईन ना. तू उशिरा पेरला असशीन," मी म्हणालो. तो हसला. तो माझ्या सगळ्या वाकड्या बोलण्यावर हसायचा, त्यामुळे मला आणखी जोर यायचा.

घरात कुणी काही जाहीर केलं नाही, पण हळूहळू आमच्या जागा बदलल्या. बाबूजी गोरेगावच्या बाजाराला जाताना मला हाक मारू लागले. फटफटीची चावी माझ्या हाती आली. नांगराला बैल जुंपायला मी, आणि मायसोबत धान पाखडायला, वड्याची डाळ वाटायला भाऊ. पाहुणे आले की माझ्याकडे बघून विचारायचे, "हा मोठा ना?" पहिल्यांदा मी "नाही" म्हणायचो. नंतर नुसता उभा राहायचो, म्हणजे भाऊलाच म्हणावं लागे, "मोठा मी आहो, काका." आणि पाहुणा वरून खाली त्याच्याकडे बघे.

आता दंडारीबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय माझा गुन्हा कळायचा नाही. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. त्या दिवशी लेकीबाळी, सोयरे सगळे गावात येतात, शिंगाड्यांचे ढीग लागतात, घरोघरी वडे तळतात आणि भरदुपारी चौकात दंडार उभी राहते. नाच, गाणं, सोंगं, एकमेकांची टिंगल. त्यात बायका नसतात. बाईचं सोंग पोरं घेतात. पोराचा आवाज फुटला की दोन-एक मंडयांत त्याची राणी संपते आणि तो मागं टाळ घेऊन उभा राहतो. भाऊ बारा वर्षांचा असताना राणी झाला तो राणीच राहिला. त्याचे लांब हात लुगड्यातून बाहेर आले की बाया तोंडाला पदर लावायच्या, आणि त्यानं वरचा सूर लावला की चौकातली कुत्रीसुद्धा गप्प होत, असं झनकलाल मामा म्हणायचे. झनकलाल मामा म्हणजे आमच्या दंडारीचे म्होरके, ढोलकी तेच वाजवायचे. "बाजूच्या गावाची राणी पाहिली का?" ते विचारायचे. "बिडी पिऊन पिऊन तिचा आवाज रेड्यासारखा झाला. आपली राणी कशी, बारमाही!" सगळे हसत. भाऊही.

त्या वर्षी मला राजाचं सोंग मिळालं. आवाज भारी, मिशी स्वतःची. तालमीत मी भाऊसमोर उभा राहायचो आणि तो मान खाली घालून गाणं म्हणायचा. खरं सांगतो, माझं निम्मं राजेपण त्याच्या त्या आवाजावर उभं होतं. माझ्या एकट्याकडे कुणी वळून बघितलं नसतं.

कापणी चालू असताना भाऊ धानानं भरलेल्या बैलबंडीवरून पडला आणि मनगटात हात मोडला. आधीच्या उन्हाळ्यातही तोच हात मोडला होता. बाबूजींना बांधीतलं धान सोडून निघता येत नव्हतं. त्यांनी आम्हा दोघांना एसटीत बसवलं. "गोंदियाले जा, प्लास्टर करून आणा. लक्ष ठेव त्याच्यावर," ते मला म्हणाले. मोठ्यावर लक्ष ठेवायला धाकट्याला सांगितलं, आणि आम्हा तिघांपैकी कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, वयस्कर, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी भाऊचा हात बघितला, मग हात सोडून भाऊलाच बघत राहिल्या. वय विचारलं. सतरा ऐकून पुन्हा विचारलं. दोन्ही हात पसरायला लावले, मोडलेला जितका पसरेल तितका. मग एकदम म्हणाल्या, "बेटा, तुम्हें ख़ुशबू आती है? फूल की, खाने की?"

भाऊ माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, मीच आमची घरातली गंमत बाईंना सांगितली.

"नहीं आती," तो म्हणाला. "बचपन से नहीं."

बाईंनी त्याला पडद्यामागं नेऊन तपासलं, मग प्लास्टरच्या खोलीत पाठवलं. मला व्हरांड्यात बोलावून घेतलं. मी त्यांच्याहून उंच होतो. त्यांनी माझ्या मिशीकडे बघितलं आणि विचारलं, "तुम बड़े भाई हो ना?"

मी म्हणालो, "हां."

विचार करून म्हणालो नाही. तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर बरं वाटलं. बाई मोठ्या माणसाशी बोलावं तसं माझ्याशी बोलू लागल्या. डोक्यात एक जागा आहे, म्हणाल्या, तिथून हुकूम निघतो तेव्हा अंगात तो रस तयार होतो ज्यानं पोराचा पुरुष होतो. तुझ्या भावाचा बहुतेक हुकूमच निघत नाही. आईच्या पोटात असताना वास घेणारी नस आणि हा हुकूम देणारी जागा एकाच वाटेनं घडतात, म्हणून मी वासाचं विचारलं. घाबरू नको, इंजेक्शनं मिळतात. आवाज भारी होईल, दाढी येईल, अंग भरेल. "और हड्डी मज़बूत होगी. ये हाथ ऐसे ही नहीं टूट रहा है." नागपूरला तपासण्या कराव्या लागतील. "बाबूजी को लेकर आना. जल्दी. देर की, तो हड्डियाँ कच्ची रह जाएँगी. समझे?"

मी मान हलवली. सगळं समजलं होतं. पण माझ्या कानात त्यातलं एकच वाक्य वाजत होतं: आवाज भारी होईल. मंडई तोंडावर होती.

परतीच्या एसटीत भाऊच्या हातात प्लास्टर होतं, म्हणून मी शिंगाडे सोलून त्याच्या तोंडात घालत होतो. तो खिडकीकडे बघत चावत होता.

"काय म्हणली बे बाई?"

"काही नाही. हाड जुडन म्हणे. दूध पी म्हणे."

"एवढा वेळ तेच सांगून राहिली होती का?"

"अजून काय सांगन?"

मग बाजूच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून तो माझ्या कानाशी वाकला. "दाढीचं काही विचारलं का तुनं?"

"विचारलं. आपोआप येईन म्हणे."

भाऊच्या तोंडावर जो आनंद आला तो मी आजही बघतो आहे. त्यानं माझ्या हातातला शिंगाडा घेतला आणि मला भरवला. "येईन म्हणते ना, मंग झालं," तो म्हणाला.

मंडईच्या दिवशी त्यानं प्लास्टर पदराखाली लपवलं आणि एकाच हातानं सगळं लुगडं, सगळं लाजणं सांभाळलं. तसा तो त्याआधी आणि नंतर कधीच गायला नाही. बाजूच्या गावचे लोक उठून पुढं आले. मी राजा होऊन समोर उभा होतो आणि माझ्या अंगावर काटा होता, अभिमानाचा की भीतीचा, सांगता येत नाही. दंडार संपल्यावर अंगणात वडे खाताना बाबूजींच्या एका लांबच्या मावसभावानं विचारलं, "यातला मोठा कोणता, बापा?" बाबूजी थकलेले होते, दिवसभर पाहुणे. ते हसून म्हणाले, "दिसते तोच मोठा समजा." सगळे हसले. भाऊ तोंडावरची पावडर पुसत होता. त्यानं पुसणं थांबवलं नाही.

मंडई झाली. म्हणजे माझं कारण संपलं होतं. त्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, त्या आठवड्यात कधीही मी सांगू शकत होतो. सांगितलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा अंधूक कळलं की मंडई हे कारण नव्हतंच. भाऊ वाढला असता तर फटफटीची चावी त्याच्या हातात गेली असती. पाहुण्यांनी त्याच्याकडे बघितलं असतं. मी पुन्हा धाकटा झालो असतो.

पुढचं भराभर सांगतो, कारण हळू सांगायची हिंमत नाही. भाऊसाठी मुली बघायचं ठरलं तेव्हा त्यानंच "मले नाही कराचं" म्हणून विषय मिटवला. मोठ्याच्या आधी माझं लग्न झालं. माझ्या मुली त्याच्या खांद्यावर वाढल्या. तो तिशीपर्यंत राणी होत राहिला. मग एका मंडईत गर्दीतून कुणीतरी एक शब्द फेकला, तो मी इथं लिहिणार नाही. भाऊनं नाच पुरा केला, पायातले चाळ सोडून झनकलाल मामांच्या पुढ्यात ठेवले आणि घरी येऊन बैलांना पाणी दाखवलं. त्यानंतर तो दंडार बघायलाही गेला नाही.

आणि मी मास्तर झालो. आमगावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. दर वर्षी ग्रंथी आणि संप्रेरकं यांचं प्रकरण येतं. मी तक्त्यावर छडी ठेवून सांगतो: ही मेंदूच्या तळाची ग्रंथी, हिच्या हुकमानं बाकीच्या चालतात. दर वर्षी ते प्रकरण मी घाईनं उरकतो. एकदा एका पोरीनं विचारलं, "सर, हुकूमच नाही आला तर?" मी म्हणालो, "परीक्षेत येत नाही ते." कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला त्या दिवसापासून उरली नाही. तरी मी भाऊला नागपूरला नेलं नाही, कारण नेलं असतं तर डॉक्टरनं विचारलं असतं, आधी कुणाला दाखवलं होतं का? आईबाप गेले, तेव्हाही मी सांगितलं नाही.

मागच्या पावसाळ्यात धानाची रोवणी चालू असताना भाऊ शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून घसरला. लहान पोर घसरतं तेवढाच. खुब्याचं हाड मोडलं. नागपूरच्या डॉक्टरनं हाडांचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाला, ही हाडं ऐंशी वर्षांच्या माणसाची आहेत. मग त्यानं भाऊकडे बघितलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला वास येतो का?" मी खोलीबाहेर गेलो. जिन्यावर खाली-वर करत राहिलो.

इंजेक्शनं सुरू झाली. भाऊ काठीनं चालू लागला, आणि त्याच सुमाराला त्याच्या हनुवटीवर केस दिसू लागले. आवाज घोगरा झाला. घरात तो दारं आपटू लागला. जेवता जेवता उठून अंगणात काठी टेकत फेऱ्या मारायचा. बायको मला म्हणाली, "भाऊजीले काय झालं हो? काल माह्यावर ओरडले." मला माहीत होतं काय झालं ते. मला ते अंगातून माहीत होतं. माझं मात्र आता उलट चाललं आहे. दंड सैल पडले, झोप तुटते, पोट सुटलं. डॉक्टर म्हणाला, वयाप्रमाणे तुमचंही कमी होत जाणार. ज्याचा मी इतका माज केला ते माझं कर्तृत्व नव्हतंच. एक रस होता. माझ्यात वेळेवर उतरला, आता वेळेवर ओसरतो आहे.

या हिवाळ्यात एका सकाळी मी शाळेला निघालो होतो. भाऊ पडवीत त्याच खांबासमोर उभा होता. आरसा नवा आहे, खिळा तोच. हातात माझा वस्तरा, गालभर फेस.

"कसा धरू बे?" तो म्हणाला. "पोरगा असता त त्याले विचारलं असतं. तुलेच विचारतो."

मी पिशवी ठेवली. त्याचा गाल ताणून धरला आणि एक पट्टा ओढून दाखवला. त्याची कातडी पातळ, सुरकुतलेली, आणि केस मात्र कोवळे. बाकीचं तो स्वतः करू लागला. आरशात त्याला मजा येत असलेली दिसत होती.

"मले आजकल राग येते बे," तो म्हणाला. "काऊन येते, समजत नाही. काल गाईले काठी मारली. जनमात नाही मारली कधी."

"मलेही येत होता. तवा."

"मालूम आहे. माह्या टाळक्यात पाटी मारली होती तुनं." तो हसला. नवा, जाड आवाज. हसणं मात्र तेच. "तवा मी म्हणत होतो, याले झालं काय? आता समजलं. कसं सोसलं असशीन तू, लहान होता बिचारा."

घंटा चुकेल असं काहीतरी म्हणून निघून जावं, असं वाटलं. मी खांब धरला.

"भाऊ, थांब. वस्तरा खाली ठेव."

त्यानं ठेवला. अर्धा गाल साफ, अर्ध्यावर फेस.

"गोंदियाची बाई आठवते? हात मोडला होता तवाची, चष्मेवाली."

"ख़ुशबू विचारणारी?"

"तेच. तिनं सगळं सांगतलं होतं. इंजेक्शन, नागपूर, हाडं, सगळं. बाबूजीले घेऊन ये म्हणे. मी सांगतलं नाही. ना बाबूजीले, ना मायले, ना तुले."

तो माझ्याकडे न बघता आरशात बघत राहिला. आरशात मीही होतो, त्याच्या मागं. फेस वाळायला लागला होता. मग तो म्हणाला, "कायले?"

माझ्याजवळ खूप उत्तरं तयार होती. मंडई होती. पोर होतो. घाबरलो. तीस-पस्तीस वर्षं मी ती घासूनपुसून ठेवली होती. ती मी बाजूला ठेवली.

"तिनं मले विचारलं, तू मोठा भाऊ ना. मी हो म्हणलो. मले मोठंच राहाचं होतं." मी त्याच्या पायाशी, ओट्यावर बसलो. "मी लहान आहो, भाऊ. तुह्याहून लहानच होतो. तुही सारी उमर मी अडवून धरली. माफ कर मले."